रंगभवन ते बंद खोली : मुंबईतील रॉकच्या आवाजाचा प्रवास

प्रतिनिधी

धोबीतलावनजीकची रंगभवनची गल्ली आज बहुतेकांना स्मरते ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे. मात्र ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत याच गल्लीत काळ्या टी-शर्टमधील तरुणांच्या रांगा लागत. रंगभवन हे खुले नाट्यगृह त्या काळी मुंबईतील रॉक संगीताचे हक्काचे ठिकाण होते.

रंगभवनचे दिवस

१९७८ मध्ये सुरू झालेल्या जाझ यात्रेच्या मैफली येथे रंगल्या. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव सुरू केला आणि हौशी बँडना मोठा रंगमंच मिळाला. तेव्हा श्रोते प्रसिद्ध पाश्चात्त्य गाण्यांचीच फर्माईश करीत. स्वतःची गाणी वाजविण्याचे धाडस थोड्यांनीच केले. १९८८ मध्ये स्वरचित गाण्यांचा अल्बम काढणारा 'रॉक मशीन' (नंतरचा 'इंडस क्रीड') हा त्यांतील अग्रणी.

'अंडरग्राउंड' म्हणजे काय?

चित्रपटसृष्टी आणि बड्या कंपन्यांच्या आश्रयाविना, स्वखर्चाने उभे राहिलेले संगीत म्हणजे 'अंडरग्राउंड'. मुंबईत २००० मध्ये स्थापन झालेला 'डेमॉनिक रिझरेक्शन' आणि २००३ मधील 'भयानक मौत' हे त्याचे ठळक प्रतिनिधी. यातील गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत केलेला असतो, ड्रमवादक दोन्ही पायांनी ठोका धरतो आणि गायक खोल घशातून गुरगुरतो. रंगमंचासमोर धक्काबुक्की करीत नाचण्याला 'मॉशिंग' म्हणतात. पाहणाऱ्याला ती मारामारी वाटते. परंतु पडलेल्याला आधी उचलायचे, हा तेथील अलिखित नियम आहे.

शांतता क्षेत्राची मर्यादा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा घालण्यात आली. रंगभवनच्या एका बाजूस सेंट झेवियर्स महाविद्यालय, तर जवळच कामा रुग्णालय. साहजिकच काही वर्षांतच येथील रॉकचा आवाज थांबला. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिक्षेपकबंदीवर शिक्कामोर्तब केले. रुग्णांना शांतता मिळणे आवश्यकच होते, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो पर्यायी जागेचा.

बंद खोलीतील रात्र

महोत्सव उपनगरातील मैदानांवर गेला. छोटे बँड जुहूच्या 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरस'सारख्या क्लबांत शिरले. अशा रात्री चार-पाच बँड एकच ड्रमसंच व अॅम्प्लिफायर वाटून घेतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा-पाऊण तास येतो. लोअर परळचा 'ब्लू फ्रॉग' २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद पडला. अशा जागांचे आयुष्य भाडे आणि परवाने यांवर अवलंबून असते.

बंद जागेत शेजाऱ्यांचा त्रास कमी होतो. कानांचा मात्र वाढतो. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला, तर १०० डेसिबलला ती मुदत अवघी १५ मिनिटे उरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीतस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली. कानातील बोळे आणि विश्रांतीसाठी शांत कोपरा उपलब्ध ठेवण्याची शिफारसही केली. श्रोत्यांनी ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहावे, अधूनमधून बाहेर यावे. कान नंतर वाजत राहिले, तर तो इशारा समजावा.

'इंडिपेंडन्स रॉक' २०२२ मध्ये पुन्हा रंगला. पण महोत्सव वर्षातून एखादाच; नव्या बँडला सराव मिळतो तो लहान रंगमंचावर. नाटकांसाठी या शहराने नाट्यगृहे उभारली. आवाज आत कोंडून ठेवणारे, परवडणाऱ्या भाड्याचे एखादे सभागृह या मुलांनाही मिळाले, तर शेजारची झोप आणि त्यांचे संगीत दोन्ही टिकेल.