वाहक द्रावक (विषाक्तता चाचणीतील)

पाण्यात जेमतेम विरघळणारे प्रदूषक पेशींच्या संवर्धन-माध्यमात उतरवण्यासाठी वापरला जाणारा सेंद्रिय द्रावक. डायमिथाइल सल्फॉक्साइड (डीएमएसओ) सर्वाधिक प्रचलित. इथेनॉल, मिथेनॉल व अ‍ॅसिटोन हेही वापरात आहेत. बेन्झोपायरीन, पीसीबी, डीडीटी अशा मेदस्नेही प्रदूषकांची चाचणी द्रावकावाचून सहसा होत नाही.

नेहमीची रीत अशी : प्रदूषकाचे हजारपट तीव्र द्रावण डीएमएसओत करून ठेवायचे आणि १ मिलिलिटर माध्यमात त्यातले १ मायक्रोलिटर सोडायचे. द्रावकाचे प्रमाण ०.१ टक्के भरते. आकडा क्षुल्लक दिसतो, पण तेवढ्यात लिटरमागे सुमारे १४ मिलिमोल डीएमएसओ असतो. प्रदूषक लिटरमागे १ मायक्रोमोल धरला, तर द्रावकाचे रेणू त्याच्या १४ हजार पट झाले. वाहक निष्क्रिय असतो ही त्यामुळे सोयीची समजूतच म्हणायची.

शार्लट फ्रेंड व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवले, की डीएमएसओच्या सान्निध्यात उंदरांच्या रक्तकर्करोगाच्या पेशी हिमोग्लोबिन बनवू लागतात. हा द्रावक हायड्रॉक्सिल मुक्त मूलके टिपतो. साहजिकच प्रदूषकाने घडवलेली ऑक्सिडीकारक हानी झाकली जाऊ शकते. सायटोक्रोम पी४५० गटातील २ई१ या विकरालाही तो रोखतो. कार्बन टेट्राक्लोराइडचे विषारी रूप यकृतपेशींत मुख्यतः याच विकरामुळे तयार होते, तेव्हा ते प्रत्यक्षाहून सौम्य भासण्याचा धोका असतो. इथेनॉलची अडचण निराळी : त्याची वाफ संवर्धन-पट्टिकेतील शेजारच्या खळग्यांत पोचते.

तीव्र द्रावणाचा थेंब माध्यमात पडताच प्रदूषकाचे स्फटिक खाली बसू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली कधी त्यांच्या सुया दिसतात. काही अंश प्लॅस्टिकला चिकटतो, काही माध्यमात मिसळलेल्या रक्तद्रवातील प्रथिनांना. नोंदवलेली संहती मग कागदापुरतीच उरते.

उपाय म्हणून फक्त द्रावक घातलेला आणि द्रावकाविना असे दोन नियंत्रण-गट ठेवतात. विरलन-मालिका माध्यमात न करता द्रावकातच करतात, म्हणजे प्रत्येक खळग्यात द्रावक सारखाच राहतो. तरीही द्रावक व प्रदूषक यांचा परस्परांवरील परिणाम अशा नियंत्रणाने वेगळा काढता येत नाही. जलचर प्राण्यांवरील चाचण्यांत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) द्रावक शक्यतो टाळावा, वापरल्यास लिटरमागे ०.१ मिलिलिटर, म्हणजे ०.०१ टक्के, ही मर्यादा पाळावी असे सुचवले आहे. पेशींच्या चाचण्यांत मात्र ०.१ ते ०.५ टक्के सर्रास चालतात. प्रदूषक सिलिकोनमध्ये मुरवून तिथून माध्यमात झिरपू देण्याची पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात द्रावक पेशींपर्यंत जातच नाही. द्रावकाचे नाव, टक्केवारी व दोन्ही नियंत्रण-गटांचे निकाल नसलेला अहवाल तुलनेसाठी ग्राह्य धरू नये.