अवजारांची साक्ष

राष्ट्राचा इतिहास राजवाड्यांत आणि रणांगणांवर शोधण्याची आपणांस सवय आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डॉइल्सटाउन गावी हेन्री मर्सर या पुराणवस्तुसंशोधकाला तो भंगारात सापडला. युकाटनच्या गुहा धुंडाळून आलेला हा गृहस्थ १८९७ साली शेकोटीचा जुना चिमटा शोधत एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे गेला. तेथे टाकाऊ अवजारांचा ढीग पडला होता. यंत्रयुगाने ती निकामी ठरविली होती. पण जंगले तोडून, घरे बांधून देश उभारणारे हात मर्सरला त्यांत दिसले. त्याने ती जमविली, त्यांच्यासाठी १९१३ ते १९१६ या काळात काँक्रीटचे संग्रहालय उभारले आणि १९२९ साली सुतारांच्या प्राचीन अवजारांवर ग्रंथही प्रसिद्ध केला.

अशा अवजारांची दुरुस्ती हेही आमच्या मते इतिहासवाचनच होय. रंध्याच्या पात्यावरचा गंज जरूर उतरवावा, त्याला धारही लावावी. परंतु मूठ तासून नवी करू नये, घडविणाऱ्याचा शिक्का घासू नये. मुठीवरची झीज ही अनाम सुताराची सही असते. ज्यांनी कागदावर काहीच लिहून ठेवले नाही, त्यांचा दुसरा पुरावा आम्ही कोठून आणणार?