रेषा वर गेली, एवढेच लिहा

परदेशी विद्यापीठात जाऊ पाहणारा उमेदवार आयईएलटीएसच्या शैक्षणिक पेपरात लेखनाच्या पहिल्या प्रश्नाशी येतो, तेव्हा त्याच्यापुढे अनेकदा एखादा आलेख असतो. समजा, तो काही देशांतल्या उत्पन्न-विषमतेचा रेषालेख आहे. आडव्या अक्षावर वर्षे आहेत आणि उभ्या अक्षावर सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांच्या पदरात पडलेला वाटा. वीसेक मिनिटांत किमान दीडशे शब्द लिहायचे असतात. ठळक गोष्टी निवडायच्या, जमेल तिथे तुलना करायची आणि थांबायचे. विषमता का वाढली, ती वाईट की अटळ, सरकारने काय करावे, यांतले काहीही लिहायचे नाही. दिलेल्या आकड्यांपलीकडची कारणमीमांसा या प्रश्नात गैरलागू आहे, असे परीक्षेचे निकषच सांगतात. म्हणून शिकवणीवर्गांत क्रियापदांची ठरावीक शिदोरी बांधून दिली जाते: हळूहळू वाढले, झपाट्याने घसरले, स्थिरावले, चढउतार झाले. आलेख वाचण्याची हीच स्वाभाविक आणि तटस्थ रीत आहे, असा समज त्यातून होतो. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. रेषालेख जन्मला तोच वाद घालण्यासाठी, आणि विषमतेची रेषा प्रत्येक पिढीत कुणाची तरी बाजू मांडायला किंवा खोडायला काढली गेली. परीक्षेने मत वगळले खरे, पण ते उमेदवाराचे. रेषा काढणाऱ्याचे मत कागदावर तसेच राहिले.

आर्थिक रेषालेखाचा जनक म्हणून विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाचे नाव घेतले जाते. जेम्स वॅटच्या कारखान्यात त्याने काही काळ नकाशे-आराखडे काढण्याचे काम केले होते. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराचा आणि राजकारणाचा ‘ॲटलास’ प्रसिद्ध केला. त्यात चव्वेचाळीस आलेख होते आणि एक सोडला तर सगळे काळानुसार सरकणाऱ्या रेषांचे. डेन्मार्क आणि नॉर्वेशी चाललेल्या व्यापाराच्या त्याच्या प्रसिद्ध आलेखात आयातीची एक रेषा आहे, निर्यातीची दुसरी. दोहोंमधली जागा रंगवून तिच्यात शब्द घातले आहेत: एका बाजूला शिल्लक इंग्लंडच्या विरुद्ध, दुसऱ्या बाजूला इंग्लंडच्या बाजूने. म्हणजे रेषालेख जगात आला तोच निकाल पोटात घेऊन. पुढे १८२१ साली, आयुष्याच्या अखेरीस, त्याने शेतीच्या दुरवस्थेवर एक पुस्तिका लिहिली. तिच्या नावातच ‘कारणे आणि उपाय’ हे शब्द होते. तीत १५६५ पासूनच्या अडीचशे वर्षांतल्या गव्हाच्या किमती उभ्या पट्ट्यांनी आणि कुशल कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेने दाखवली होती. मजुरीच्या हिशेबात गहू इतका स्वस्त पूर्वी कधीच नव्हता, हे त्याला सिद्ध करायचे होते. कारणे आणि उपाय ही त्या आलेखाच्या जन्माची सबब होती. आजच्या परीक्षेत नेमक्या याच दोन गोष्टींना मनाई आहे.

आलेख सोडून नुसत्या आकड्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. मोजमापातून काय दिसावे आणि काय झाकले जावे, हे मोजणारा ठरवतो. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. १८६७-६८ सालासाठी माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये, हा त्यांचा अंदाज. पण सरासरीवर थांबले असते तर ते दादाभाई कसले? सगळ्यांना सारखे वाटले तर वीस रुपये. वरच्या वर्गांचा वाटा मोठा असल्याने गरिबाच्या हाती त्याहून कमीच उरणार, हे त्यांनी बजावले. शेजारी त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला, म्हणजे जगायला किमान किती लागते ते सरकारच्याच कागदांतून उघड झाले. विषमतेची रेषा काढायला लागणारी माहिती तेव्हा उपलब्ध नव्हती. तरी सरासरीच्या मागे वाटणीचा प्रश्न दडलेला असतो, हे मुंबईच्या त्या सभेत मांडले गेले होते. तेही कारण सांगण्यासाठीच, आणि ते कारण म्हणजे विलायतेकडे वाहून जाणारी संपत्ती.

विषमता प्रत्यक्ष रेषेत बसवण्याचे काम युरोप-अमेरिकेत त्यानंतरच्या चार दशकांत झाले. विल्फ्रेदो पारेतोने १८९६-९७ च्या आपल्या ग्रंथात करांच्या नोंदी घेऊन दाखवले की, वरच्या उत्पन्नांची वाटणी निरनिराळ्या देशांत जवळजवळ एकाच उताराच्या सरळ रेषेत बसते. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष समाजवाद्यांना अडचणीत आणणारा होता: उत्पादन वाढल्याखेरीज नुसत्या फेरवाटपाने गरिबांचे फारसे भले होणार नाही. संपत्तीचे केंद्रीकरण होते आहे की नाही, हा वाद अमेरिकेतही पेटलेला होता आणि प्रत्येक जण सोयीचे आकडे पुढे करत होता. १९०५ मध्ये मॅक्स लोरेन्झ या तरुण संशोधकाने दोन एकत्रित टक्केवाऱ्या समोरासमोर मांडल्या, एक लोकसंख्येची आणि दुसरी संपत्तीची. वाटणी समान असेल तर तिरपी सरळ रेषा, असमान असेल तर ती धनुष्यासारखी वाकते आणि जितकी वाकेल तितकी विषमता जास्त. कोर्राडो जिनीने पुढे हे वाकणे शून्य ते एक अशा एकाच आकड्यात बसवले. सोय झाली, पण दोन अगदी वेगळ्या समाजांना एकच जिनी निर्देशांक मिळू शकतो. एकीकडे तळचे लोक अगदी खचलेले असतील, दुसरीकडे शिखरावरचे मूठभर फारच वर गेलेले असतील. कोणता दोष मोठा, हा नीतीचा प्रश्न त्या आकड्याने सोडवला नाही. तो आत बंद करून ठेवला.

वर्षानुवर्षांची विषमता एका रेषेत मांडून तिच्यावरून भविष्य वाचण्याची सवय सायमन कुझ्नेट्सच्या नावाशी जोडली गेली आहे. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचा गाभा असा: शेतीकडून उद्योगाकडे जाणाऱ्या देशात विषमता आधी वाढते, मग घटते. अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनीच्या तुटपुंज्या आकड्यांवर हे उभे होते. यात पुरावा पाचच टक्के, बाकी सगळा तर्क, हे त्याने स्वतः प्रांजळपणे कबूल केले होते. ती कबुली लोक विसरले आणि उलट्या ‘यू’चा आकार तेवढा लक्षात राहिला. विकसनशील देशांना त्यातून दिलासा मिळाला, थोडे थांबा, रेषा आपोआप उतरेल. तोमा पिकेटी आणि इमॅन्युएल साएझ यांनी २००३ मध्ये प्राप्तिकराच्या नोंदींवरून अमेरिकेची रेषा पुन्हा काढली, तेव्हा वरच्या दहा टक्क्यांचा वाटा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोसळून १९८० नंतर पुन्हा चढलेला दिसला. उलटा ‘यू’ सुलटा झाला. विषय तोच, देश तोच. कुठपर्यंत मोजायचे आणि कोणाला मोजायचे, हे बदलताच आकार बदलला.

भारताच्या रेषेत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यापासूनच्या नोंदींवर लुका शॉन्सेल आणि पिकेटी यांनी केलेल्या अभ्यासानुसार वरच्या एक टक्क्याचा वाटा १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे एकवीस टक्के होता. १९८० च्या दशकारंभी तो सहा टक्क्यांवर आला आणि पुन्हा बावीसच्या घरात गेला. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात २०२२-२३ साठी तो २२.६ टक्के आहे. मात्र २००० नंतर बरीच वर्षे करदात्यांची तपशीलवार कोष्टके सरकारने प्रसिद्धच केली नव्हती, त्यामुळे मधली रेषा अंदाजांच्या आधाराने पुढे नेलेली आहे आणि त्यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत. दुसऱ्या बाजूला आपल्याकडच्या घरोघरच्या पाहण्या मुख्यतः खर्च मोजत आल्या, उत्पन्न नव्हे. पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये केलेली दारिद्र्याची गाजलेली मांडणीही खर्चाच्याच आकड्यांवर उभी होती, आणि पोटाला पुरेसे मिळते का, या त्यांच्या प्रश्नाला ते योग्यच होते. विषमतेची गोष्ट वेगळी. श्रीमंत माणूस कमाईचा मोठा भाग खर्चच करत नाही, त्यामुळे खर्चावरून काढलेली विषमता सौम्य दिसते. जागतिक बँकेच्या आकडेवारीत त्याच २०२२-२३ साली खर्चावर आधारलेला भारताचा जिनी निर्देशांक शंभरापैकी २५.५ आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या आधारे भारत जगातला चौथा सर्वाधिक समान देश असल्याचे सांगितले. एकच देश, एकच वर्ष आणि दोन रेषा. कोणतीही एक उमेदवारापुढे ठेवा, तो व्याकरणशुद्ध, तटस्थ वर्णन लिहील. पण कोणती ठेवली, यातच अर्धा निष्कर्ष आलेला असेल.

मग कारणे न लिहिण्याचा दंडक आला कुठून? त्यामागे कुणाचा डाव नव्हता, परीक्षेची गरज होती. ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांनी १९८० मध्ये आणलेल्या ईएलटीएस या पूर्ववर्ती परीक्षेत वैद्यकाच्या, तंत्रज्ञानाच्या, सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळे विषयनिष्ठ पेपर असत. १९८९ मध्ये आयईएलटीएस सुरू झाली तेव्हा ते तीन गटांवर आणले गेले आणि १९९५ मध्ये सगळ्यांना मिळून एकच शैक्षणिक पेपर आला. परिचारिका, अभियंता आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी एकाच आलेखापुढे बसले, की अर्थशास्त्राचे ज्ञान गुणांत धरणे अन्यायाचे ठरते. म्हणून ज्ञान बाजूला काढून भाषा तेवढी तपासायची. प्लेफेअरचे हत्यार असे दोनशे वर्षांनी धार बोथट करून परीक्षेच्या टेबलावर ठेवले गेले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ही इंग्रजीची परीक्षा आहे, मत मांडायला दुसरा निबंध आहेच आणि त्याला गुणही दुप्पट वजनाचे आहेत. हे मान्य. कारणे लिहू द्यावीत, असा माझा आग्रह नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आधी पाहा, मग बोला, ही शिस्त स्वतःच मोलाची आहे आणि ती नसल्याने प्लेफेअरचेच काय झाले पाहा. गव्हाच्या आणि मजुरीच्या त्याच्या आलेखात डोळ्यात भरतात ते किमतींचे उंच पट्टे. गहू मजुरीच्या मानाने स्वस्त झाला, हे त्यातून सहजी दिसतच नाही. ते दाखवायचे तर किमतीला मजुरीने भागून एकच रेषा काढायला हवी होती, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. थोडक्यात, निष्कर्षाच्या घाईत त्याचे चित्र आणि विधान एकमेकांपासून सुटले. पण हे उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. तोच पुरावा दोन मापांत मांडला तर एक गोष्ट दिसते, भागाकाराच्या एका रेषेत मांडला तर दुसरी. नुसते वर्णन करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. मापाकडे पाहणाऱ्याला कळेल, आणि मापाकडे पाहणे म्हणजे मत देणे नव्हे. तो वर्णनाचाच भाग आहे.

परीक्षेच्या चौकटीतही त्याला जागा आहे, आणि नेमक्या त्याच जागी उमेदवार सर्वांत कमी विचार करतात. उत्तराचे पहिले वाक्य म्हणजे आलेखाच्या शीर्षकाचे आपल्या शब्दांतले रूप. शब्दसंग्रहाला गुण असतात, म्हणून तिथे समानार्थी शब्दांची शोधाशोध होते, आणि ‘उत्पन्न’ हा शब्द पुन्हा नको म्हणून ‘संपत्ती’ बसवला जातो. वर्षभरात आलेली कमाई आणि पिढ्यान्‌पिढ्या साठलेली मालमत्ता यांच्यातले अंतर एका शब्दात पुसले जाते. लोरेन्झपासून दांडेकर-रथांपर्यंत सगळ्यांचे कष्ट काय मोजले हे नेमके सांगण्यात गेले होते. रेषा किती चढली हे दीडशे शब्दांत कुणीही लिहील. ती कशाची रेषा आहे, हे पहिल्याच वाक्यात न चुकता लिहिणे, एवढे मात्र कारणांना हात न लावताही शक्य आहे.