गोव्याची प्रादेशिक योजना

भात कुठे पिकावे, घरे कुठे उठावीत आणि कोणत्या डोंगराला हात लागू नये, हे साऱ्या राज्यासाठी नकाशावर ठरवणारा कायदेशीर दस्तऐवज. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौ. किमी.; त्यामुळे संपूर्ण राज्य हाच एक प्रदेश मानला जातो. योजनेला आधार १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याचा.

नकाशातला प्रत्येक सर्व्हे क्रमांक वसाहत, शेती, बागायत, उद्योग, वन अशा एखाद्या विभागात मोडतो. शेतीची जमीन वसाहत विभागात गेली की रातोरात तिचा भाव चढतो. सगळी ओढाताण असते ती याच बदलासाठी.

२००६ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक योजना २०११’ मध्ये डोंगरउतार आणि शेतजमिनी मोठ्या प्रमाणावर बांधकामासाठी खुल्या झाल्याचे उघड होताच लोक रस्त्यावर आले. ‘गोवा बचाव अभियाना’च्या रेट्यापुढे सरकारला २००७ च्या जानेवारीत ती मागे घ्यावी लागली. लोकांनी नकाशा वाचायला शिकून सरकारला माघार घ्यायला लावल्याची इतकी ठळक उदाहरणे देशात थोडीच सापडतील.

नंतरच्या ‘योजना २०२१’ साठी नेमलेल्या कृतिदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. मसुदे गावोगाव पाठवून हरकती मागवल्या गेल्या. वने, जलाशय, भातशेती आणि खाजन जमिनी सर्वाधिक संरक्षणाच्या पर्यावरण-संवेदनशील गटात घातल्या गेल्या. खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेली सखल शेती. बांधातल्या मानशीची, म्हणजे जलद्वाराची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. मधला एखादा तुकडा भराव टाकून उंचावला, तर पाण्याची वाट अडते आणि शेजारची शेते बुडतात. अशा जमिनीचा विचार एकेका मालकापुरता करून भागत नाही. तो प्रदेशाच्याच पातळीवर करावा लागतो.

‘योजना २०२१’ ही २०११ मध्ये अधिसूचित झाली. २०१२ मध्ये स्थगित झाली आणि २०१८ मध्ये अंशतः पुन्हा अमलात आली. पुढे कायद्यातच दुरुस्त्या झाल्या. २०२३ च्या कलम १७(२) ने योजनेतल्या ‘चुका’ सुटसुटीतपणे दुरुस्त करण्याची, तर २०२४ च्या कलम ३९-अ ने विभाग बदलण्याची वाट खुली केली. एकेका भूखंडाचा विभाग असा स्वतंत्रपणे बदलू लागला की साऱ्या प्रदेशाचा एकत्र विचार मागे पडतो. १७(२) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये रद्द केले.