निपाणीच्या वखारीतला कॅमेरा

'तंबाखू चाकिला ऊब आली' हा बेळगाव जिल्ह्यातील निपाणी येथील तंबाखू कामगार स्त्रियांवरील मराठी माहितीपट. सुमारे पंचवीस मिनिटांचा हा कृष्णधवल चित्रपट युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने 1982 मध्ये पूर्ण केला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी 1980 मध्ये हा गट उभारला होता.

पार्श्वभूमी : पुणे-बंगळूर महामार्गावरील निपाणी ही विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ. 14 मार्च ते 6 एप्रिल 1981 या काळात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी येथे महामार्ग रोखला. पोलीस गोळीबाराने त्या आंदोलनाचा शेवट झाला आणि निपाणीचे नाव देशभर पोहोचले. त्याच तंबाखूची वखारीत निवड-चाळण करणाऱ्या स्त्रियांचा लढा मात्र तुलनेने अंधारात राहिला. दिवसभर उडणारी भुकटी, खोकला, तुटपुंजी मजुरी आणि मुकादमाची अरेरावी यांविरुद्ध त्यांनी संघटना बांधली होती. अनिल अवचट यांनी या स्त्रियांविषयी मराठीत लिहिले. युगांतरने त्यांचे चेहरे आणि आवाज पडद्यावर आणले.

निर्मिती : चित्रणापूर्वी आणि चित्रणाच्या काळात गटाने कामगार स्त्रियांसोबत दीर्घकाळ घालवला. काय दाखवायचे, याचा विचार त्यांच्याशी बोलून झाला. संपाच्या बैठका व चर्चा यांतील काही प्रसंग स्त्रियांनी स्वतःच पुन्हा उभे केले. वखारीच्या आतील कामाची दृश्ये हा या चित्रपटाचा सर्वांत मोलाचा ठेवा होय.

छायालेखक : नवरोज कॉन्ट्रॅक्टर हे मूळचे स्थिरचित्रकार. बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे शिक्षण झाले. मणी कौल यांच्या 'दुविधा' (1973) या चित्रपटाचे छायालेखन त्यांचेच. 2023 मध्ये त्यांचे रस्ता अपघातात निधन झाले.

महत्त्व : मेरी एलन मार्क यांचे मुंबईतील वेश्यावस्तीवरील 'फॉकलंड रोड' हे गाजलेले छायाचित्र-पुस्तक 1981 मधले. तेथे एका छायाचित्रकाराची नजर प्रमुख आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले, तेव्हा ते महापालिकेपर्यंत आणि समाजापर्यंत पोहोचावे हा हेतू होता. निपाणीत याहून एक पाऊल पुढे पडले : ज्यांचे चित्र काढायचे, त्यांनाच कथनात वाटा मिळाला. इंग्रजीत या चित्रपटाचे नाव 'टोबॅको एम्बर्स', म्हणजे तंबाखूचे निखारे, असे झाले. मराठी शीर्षकातील 'ऊब' मात्र निखाऱ्याहून सौम्य आणि अधिक सोशिक आहे.

जतन : युगांतरच्या चित्रपटांचे डिजिटल पुनरुज्जीवन बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने केले. सीमाभागाच्या इतिहासात भाषावादाची कागदपत्रे विपुल सापडतात. श्रमाची चित्रे फार थोडी. म्हणूनच निपाणीच्या वखारीतील ही पंचवीस मिनिटे जपून ठेवण्याजोगी आहेत.