दुपट्यांची चळत

घरात तान्हं बाळ असलं की रात्रीची तयारी संध्याकाळीच सुरू होते. वर्ध्याला खेटून असलेल्या पिपरी मेघेत आज ती सोपी झालीय. मेडिकलमधून डायपर आणायचे, झोपवताना एक घालायचा. पण डायपर नव्हते तेव्हाही बाळं रात्री शी-शू करतच होती. मग घरं काय करायची?

याचं उत्तर कापसात आहे. वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारापर्यंत पोचला होता. जुन्या कागदपत्रांत त्या कापसाच्या गाठींचा हिशोब सापडतो. त्याच कापसाचं लुगडं विटल्यावर त्याचं काय झालं, हे मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. त्याची दुपटी झाली, लंगोट झाले, उरलेल्या चिंध्या गोधडीत गेल्या. बाळाला सुरुवातीला जुनंच कापड वापरायची रीत आपल्याकडे घरोघरी होती. त्यामागे व्यवहारही होता: शंभरदा धुतलेलं सुती कापड मऊ होतं आणि पाणी पटकन शोषतं.

अंथरुणात थर असायचे. तळाला गोधडी, वर दुपटं, बाळाला नाड्यांचा लंगोट. उशाशी कोरड्या दुपट्यांची चळत, हाताशी बारीक केलेला कंदील, कोपऱ्यात ओल्या कपड्यांसाठी घमेलं. आमच्या क्षेत्रात याला बॅकअप म्हणतात. एक थर भिजला तरी अख्खं अंथरूण बदलावं लागू नये, एवढाच हेतू. खरी परीक्षा पावसाळ्यात. दुपटी वाळेनात, मग शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर ती सुकवायची.

पुढे दोन थरांच्या मध्ये मेणकापड आलं, रबरी कापड आलं. रबराचं जलरोधक कापड स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये पेटंट केलं होतं. पण ते उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरच्या 1844 च्या पेटंटने रबर टिकाऊ झालं. गादी वाचली, पण बाळाखालचं दुपटं भिजतच राहिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या आईने न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा कापून लंगोटावरचं आवरण शिवलं. 1949 मध्ये ते न्यूयॉर्कच्या दुकानात विकायला आलं, 1951 मध्ये पेटंट मिळालं. 1961 मध्ये पॅम्पर्स आले. 1980 च्या दशकात डायपरमध्ये स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवणारी पॉलिमरची भुकटी आली आणि बाळ रात्रभर कोरडं झोपू लागलं.

म्हणजे दीडशे वर्षांत काय बदललं? माझ्या मते, काम कोणाच्या वाट्याला येतं ते बदललं. आधी रात्री उठणारी आणि पहाटे घमेलं घेऊन मोरीवर बसणारी बहुतेक वेळा एकच बाई असायची: आई, आजी किंवा आत्या. तिची मोडलेली झोप कोणी मोजली नाही. डायपरने तिला झोप दिली, हे छोटं काम नाही. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं सुनेला ऐकवणाऱ्यांनी आपल्या वेळी कोण जागत होतं, तेही आठवावं.

पण घाण नाहीशी झाली नाही. ती घंटागाडीत गेली आणि कचरा वेगळा करणाऱ्या हातांपर्यंत पोचली. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेला डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं आणि त्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. पिशवी मिळो न मिळो, जुना कागद घरात असतोच.

आज अनेक घरांनी मधला मार्ग काढलाय: रात्री डायपर, दिवसा सुती लंगोट. त्यात एक गोष्ट वाढवता येईल. दुपट्यांची चळत बाबांच्या उशाशीही ठेवता येते.