वॉटर्लू : रणभूमीने लढलेली लढाई

वॉटर्लूची लढाई वॉटर्लू गावात झालीच नाही. ब्रसेल्सच्या दक्षिणेकडील या गावात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा मुक्काम होता. विजयाच्या खलित्यावर त्याने तेथलाच पत्ता घातला आणि गावाचे नाव इतिहासात गेले. प्रत्यक्ष रणभूमी तेथून काही किलोमीटर दक्षिणेला, माँ-सां-जाँच्या उंचवट्यापाशी आहे. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनच्या सत्तेचा निर्णय येथील शेतांत लागला.

दोन समांतर उंचवटे आणि मध्ये उथळ खोलगट भाग, एवढीच या भूमीची रचना. दोन्ही सैन्यांत मैलाहूनही कमी अंतर होते. वेलिंग्टनने आपले बहुतांश पायदळ उत्तरेकडील उंचवट्याच्या मागच्या उतारावर ठेवले. त्यामुळे फ्रेंच तोफांचा मारा बराचसा निष्फळ ठरला आणि नेपोलियनला शत्रूचे खरे बळ दिसले नाही. पुढच्या बाजूला ऊगूमाँ, ला ए सांत आणि पापलोत या शेतवाड्यांनी गढ्यांचे काम केले. आदल्या दिवशीच्या पावसाने चिखल झाला होता. जमीन वाळण्याची वाट पाहण्यात सकाळ गेली आणि लढाईला साडेअकराच्या सुमारास तोंड लागले. हाच विलंब ब्ल्यूखरच्या प्रशियन सैन्याच्या पथ्यावर पडला. संध्याकाळपर्यंत ते फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर येऊन धडकले.

आज पर्यटकाचे लक्ष प्रथम वेधून घेते ती सिंहाची टेकडी. ऑरेंजचा राजपुत्र जेथे जखमी झाला, तेथे नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याने ती उभारली. १८२६ मध्ये ती पूर्ण झाली. २२६ पायऱ्या चढल्यावर सारा परिसर नजरेत येतो. मात्र टेकडीसाठी लागलेली माती याच रणभूमीवरून उचलण्यात आली आणि ज्या उंचवट्याने वेलिंग्टनला तारले, त्याचाच एक भाग सपाट झाला. ‘माझी रणभूमी बिघडवली’, अशा अर्थाचे उद्गार वेलिंग्टनने पुढे काढल्याचे सांगतात. स्मारकासाठी स्मरणस्थळाचाच बळी गेला. उरलेल्या भूमीला १९१४ मध्ये बेल्जियमने खास कायद्याने संरक्षण दिले.

म्हणूनच केवळ टेकडी चढून परतणे योग्य नव्हे. वरून उंचवटे समतल भासतात. त्यांचा चढ पायांनाच कळतो. टेकडीच्या पायथ्याशी १९१२ चे भव्य वर्तुळाकार चित्र आणि भूमिगत संग्रहालय आहे. तेथून पायी ऊगूमाँला जावे. दुरुस्तीनंतर ही वाडी २०१५ मध्ये, लढाईच्या द्विशताब्दी वर्षात खुली झाली. ला ए सांत खासगी मालकीची असल्याने ती बाहेरूनच पाहावी लागते. शेवटी बेल आल्यांसपाशी उभे राहून उत्तरेकडे पाहावे. नेपोलियनला काय दिसले नसेल, याचा अंदाज तेथे येतो.

मराठी वाचकाला हा सेनापती परका नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच. तेथेही त्याने नदीचा उतार आणि दोन प्रवाहांमधील जागा हेरून डाव साधला होता. भूमी वाचण्याची ही नजर त्याने वॉटर्लूवरही वापरली.